बोटं नाही हो, नखं!

"तुम्ही म्हणे मांजराची बोटं कापता?"

काल जिन्यात मला हा प्रश्न विचारण्यात आला. विचारणाऱ्या बाईंशी माझी ओळख 'लिफ्ट बंद आहे वाटतं' या वाक्याच्या पुढे कधी सरकलेली नाही. त्यांनी माझ्या हातावरचे लाल ओरखडे पाहिले आणि 'बरी खोड मोडली' हा भाव त्यांच्या चेहऱ्यावर अगदी सावकाश पसरला. खुलासा करायला मी तोंड उघडलं, तोवर त्या एक मजला वर पोचल्या होत्या. एरवी गुडघ्यांपायी दर चार पायऱ्यांना थांबतात!

तेव्हा खुलासा इथेच करते. बोटं नाही, नखं. तीही पुढचं अणकुचीदार टोक तेवढंच.

चंपा म्हातारी झाली आहे. तरुणपणी ती सोफ्याचा एक कोपरा मन लावून ओरबाडायची. त्यात नखावरचं जुनं टरफल गळून पडायचं आणि आतलं नवं नख निघायचं. आता सोफा बचावला, पण नखं वाढली. वयाबरोबर ती जाड होतात, नीट आत जात नाहीत, चादरीत अडकतात. आणि पुढच्या पायाला आतल्या बाजूने, अंगठ्याच्या जागी जे नख असतं ना, ते चालताना जमिनीला टेकतच नाही. झिजणार कुठून? दुर्लक्ष केलं तर ते गोल वळत जाऊन पंजाच्या गादीतच घुसतं. मग जखम, मग पू, मग मांजर लंगडायला लागल्यावर आपल्याला कळणार. कारण मांजर दुखणं सांगत नाही. बाकी सगळं सांगतं, पहाटे चार वाजता.

डॉक्टरांकडे कापून मिळतात, हे मला ठाऊक आहे. नेत होतो आम्ही. तिथल्या टेबलावर चंपा अशी निमूट बसायची की मदतनीस म्हणायचा, "किती गुणी मांजर!" गुणी कसली, भीतीने थिजलेली. कान चपटे, बाहुल्या डोळाभर झालेल्या, टेबलावर ओल्या पंजांचे ठसे. (मांजराला घाम तळव्यांना येतो.) घरी आल्यावर संध्याकाळपर्यंत पलंगाखालून बाहेर येत नसे. म्हणून ठरवलं की हे काम घरी करायचं, तिच्या कलाने.

कलाने म्हणजे किती कलाने, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. आधी ती पेंगत असताना नुसते पंजे हातात घ्यायचे आणि सोडायचे. सोडल्यावर खाऊ. मग एकेक बोट दाबून बघायचं. खाऊ. मग नेलकटर शेजारी ठेवायचा, त्याचा वास घेऊ द्यायचा, हवेतल्या हवेत कट्‌ असा आवाज करायचा. खाऊ. या काळात चंपाचं वजन वाढलं आणि माझी समाजात वावरायची लायकी कमी झाली. फोनवर बोलतानाही मी हवेत कट्‌ कट्‌ करत असायची.

पण जमलं. मांजराची नखं एरवी आत असतात, लवचीक बंध त्यांना मागे धरून ठेवतात. ती बाहेर काढायची तर तिला स्नायूंना काम द्यावं लागतं. आपण बोट वरून आणि खालून अलगद दाबलं की तेच नख आपोआप पुढे येतं. उजेडाकडे धरलं की आत गुलाबी भाग दिसतो. तिथे रक्तवाहिनी आहे, मज्जातंतू आहेत. त्याच्या दोनेक मिलिमीटर अलीकडे कापायचं. पातं धारदार हवं. बोथट असलं तर नख कापलं जात नाही, चिरडतं, त्याच्या चिरफळ्या होतात. आणि एकूण अठरा नखं, पुढे पाच-पाच, मागे चार-चार, ही एकाच बैठकीत उरकलीच पाहिजेत असा कुठेही नियम नाही. तिने शेपूट आपटायला सुरुवात केली, पाठीवरची कातडी थरथरली, की दुकान बंद. उरलेली उद्या.

तर परवा दुपारी चंपा माझ्या मांडीवर, पाठ माझ्याकडे, डोळे अर्धे मिटलेले. डावा पंजा पूर्ण झालेला. नवरा चार हात लांब उभा राहून 'मी आहे' असं म्हणत होता. (तो असतो. त्यापलीकडे काही करत नाही.) उजव्या पंजाचं पहिलं नख बाहेर आलं, मी नेलकटर टेकवला, आणि दारातून आरोळी आली.

"अगं अगं अगं अगं!"

खालच्या मजल्यावरचे काका. हातात इमारतीच्या कसल्याशा अर्जाचा कागद, माझी सही हवी होती. दार नवऱ्याने उघडं ठेवलेलं.

चंपा उडाली ती माझ्या हातावरूनच. इथे एक बाब नमूद करते. कापलेला डावा पंजा माझ्या हातावर पडला तिथे काहीही झालं नाही. न कापलेला उजवा पंजा मनगटापासून कोपरापर्यंत सही करून गेला. नखं का कापायची, याचा इतका स्वच्छ पुरावा शोधून सापडला नसता. पण पुरावा बघायला वेळ कोणाला होता? मी वाहत्या नळाखाली साबणाने हात धूत होते आणि काका माझ्या खुर्चीत बसून मला पोटात घ्यायची चौदा इंजेक्शनं सांगत होते. ती पद्धत कधीच मोडीत निघाली आणि चंपाची लस वेळच्या वेळी होते, हे मी मोरीतून ओरडून सांगितलं. काका म्हणाले, "तरी पण."

मग चौकशी सुरू झाली.

"कशाला कापायची म्हणतो मी? देवाने दिलीत ना तिला?"

"तुम्हालाही दिलीत, काका."

काकांनी स्वतःची नखं पाहिली. व्यवस्थित कापलेली होती.

"माणसाचं वेगळं. वाघाची कोण कापतं?"

"वाघ झाडांची खोडं ओरबाडतो."

"मग हिला आणून दे की एखादं खोड!"

दिलंय. कोपऱ्यात सुतळी गुंडाळलेला चांगला उंच खांब आहे. काकांनी आल्या आल्या आपली टोपी त्यावरच ठेवली होती.

त्यांची नजर आता माझ्या शेजारच्या वाटीवर गेली. "हे पांढरं काय?"

"कॉर्नफ्लोअर."

काकांनी वाटीकडे पाहिलं, कपाटाखाली चमकणाऱ्या डोळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज खाली आला. "तळणार आहेस?"

मी समजावलं. चुकून आतल्या गुलाबी भागाला पातं लागलं तर रक्त येतं. ते थांबवायची खास पावडर मिळते, ती नसेल तर कॉर्नफ्लोअरमध्ये टोक दाबून धरायचं. जीवघेणं नसतं, पण मांजराला दुखतं आणि पुढच्या वेळी ते पंजा देत नाही. म्हणून तयारी.

"म्हणजे रक्त काढायचं हे आधीच ठरलेलं!" काका नवऱ्याकडे वळून म्हणाले. नवऱ्याने मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, ते मी अजून त्याच्याकडून काढून घेतेय.

"मुक्या जिवाचा छळ आहे हा," काकांनी निकाल दिला. आणि निकाल दिल्यावर माणूस निघून जातो, तसं त्यांनी केलं नाही. ते उपाय सांगायला लागले.

"मानगुटीला धर. मांजर गार पडतं बघ."

"पिल्लांना त्यांची आई तसं उचलते, काका. मोठं मांजर गार पडतं ते घाबरून. मांजरांचे डॉक्टरही आता नको म्हणतात."

"आईच धरते ना पण?"

"तुम्हाला आता कोणी बखोटीला धरून उचललं तर?"

काका खरोखर विचारात पडले. "मी ओरडणार नाही," ते म्हणाले.

"पण आवडेल का?"

"तो वेगळा प्रश्न झाला."

हाच तर प्रश्न आहे! मानेला कपड्यांचा चिमटा लावून पुतळा झालेल्या मांजराचे व्हिडिओ मला लोक हसऱ्या चेहऱ्यांसकट पाठवतात. 'बघ किती सोपं!' त्या मांजराच्या डोळ्यांकडे एकानेही पाहिलेलं नसतं. हालचाल थांबली म्हणजे शांतता पसरली, असं मानणारी माणसं घरात कशी वागत असतील, हा विचार माझ्या मनात येतो. असो.

काकांचा दुसरा उपाय टॉवेलचा. सैलसर गुंडाळायचं, एकच पंजा बाहेर. हा उपाय बरोबर आहे, आणि तो बरोबर असल्याचा राग मला अजून आहे. कारण मी 'हो, तसं करतात' म्हटल्याबरोबर काका खुर्चीत मागे रेलले आणि तज्ज्ञ झाले.

तिसरा उपाय त्यांनी खिशातूनच काढला. "ही माझी अंगदुखीची गोळी. अर्धी दे. झोपेल."

"ती पॅरासिटामॉल आहे, काका. मांजर मरतं त्याने."

"अर्ध्याने?"

"अर्ध्यानेही."

गोळी खिशात परत गेली, पण माणूस नाउमेद झाला नाही. शेवटचं अस्त्र त्यांनी राखून ठेवलं होतं. "मग एकदाच मुळासकट काढून टाकायची ना सगळी नखं! परदेशात करतात. कटकटच नाही."

दहा मिनिटांपूर्वी टोकं कापली म्हणून मला छळवादी ठरवणारे हेच गृहस्थ. हात झोंबत होता, मांजर कपाटाखाली होतं, नवरा 'आहे' या अवस्थेतच होता. माझा आवाज चढला, आणि का चढू नये?

"नख मुळासकट निघत नाही, काका! ते हाडातून उगवतं. म्हणून प्रत्येक बोटाचं शेवटचं पेर तोडावं लागतं. कापतात म्हणजे बोटं कापतात! जन्मभर चालताना दुखू शकतं. आणि परदेशातच बंदी येतेय त्यावर. ब्रिटनमध्ये बंदी आहे, न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये आणली."

काका उठून उभे राहिले. "बोटं कापतात?"

"बोटं कापतात!"

"मांजराची?"

"मांजराची!"

जिन्याकडे दार अजून उघडंच होतं. काकांनी माझ्या हातातल्या नेलकटरकडे पाहिलं, खांबावरची टोपी उचलली, आणि चपला अर्धवट घालून ते खाली उतरले. वाटेत कोण कोण भेटलं असेल, याचा अंदाज मला कालच्या प्रश्नावरून आला. एवढ्या लांबलचक संभाषणातून त्यांनी नेमके तीन शब्द घरी नेले: मांजर, बोटं, कापतात. कर्ता त्यांनी स्वतः घातला.

मला राग अफवेचा नाही. इमारतीत राहायचं तर अफवांची सवय लागते. राग याचा आहे की इतकी माणसं येऊन बोलून गेली, कळवळली, व्हिडिओ पाठवले, पण 'मी चंपाला खाऊ भरवतो, तू काप' असं एकानेही म्हटलं नाही. जनावराची दया सगळ्यांना येते, पण ती खुर्चीत बसून येते. गाद्यांमधले केस, पोट बिघडल्यावरची रात्र, पावडर, टॉवेल हे सगळं ज्या एका माणसाच्या वाट्याला येतं, त्यालाच निर्दय म्हणायला मात्र हक्काने जमतं. मुक्या जिवाचा कळवळा असलेल्या माणसाने आधी निदान बेल वाजवावी.

"काकांचं टॉवेलचं मात्र पटलं मला," नवरा रात्री म्हणाला. मी त्याच्याकडे बघून हवेत एकदा कट्‌ केलं. विषय तिथेच संपला.

चंपाने दुसऱ्या दिवशी येऊन स्वतःहून उजवा पंजा दिला, वगैरे काही घडलं नाही. ती नेलकटर पाहताच निघून जाते. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून: पंजा धरा, सोडा, खाऊ. मागच्या पायांची नखं ती बरीचशी स्वतःच कुरतडते, त्यामुळे तिकडे घाई नाही. घाई आहे ती उजव्या अंगठ्याच्या नखाची. ते चांगलंच वळायला लागलंय.

आणि काकांचा तो कागद टेबलावरच राहिलाय, सहीविना. आज सकाळी त्यांचा निरोप आला की संध्याकाळी घ्यायला येतो, आणि मांजराच्या विषयातला एक जाणकार मित्रही सोबत आणतो.