‘ओडिशात कुणी अंडी हलवत नाही’: एका प्रतिक्रियेला उत्तर

कासवांच्या हॅचरीवरच्या (म्हणजे किनाऱ्यावरची अंडी आणून पुरून राखायच्या कुंपणावरच्या) मागच्या लेखाखाली पुण्याच्या एका वाचकांची प्रतिक्रिया आली. सोयीचं तेवढंच उचललं असं व्हायला नको, म्हणून ती देतोच: “ओडिशात कुणी अंडी हलवत नाही, मग कोकणातल्या तुमच्या टोळीला घरटी उकरायचा अधिकार कुणी दिला? जागेवर ठेवून वर पिंजरा का लावत नाही? पर्यटकांसाठी पिल्लं टोपलीत कोंडून ठेवता. जगतं हजारात एक, देणग्या मात्र वर्षभर. आणि फोटोत पांढरा टॉर्च दिसतोय.”

आधी टॉर्च. बरोबर पकडलंत. पिल्लं समुद्राकडचा उजळ भाग बघून चालतात, पांढरा झोत पडला की भरकटतात. तिथे लाल कागद लावलेलाच टॉर्च हवा होता. फोटो काढून टाकला आहे.

आता ‘टोळी’. टोळी दरोडेखोरांची असते. पहाटे साडेचारला भरतीरेषेच्या कडेने चालत जाणाऱ्या गावातल्या पोरांना आमच्याकडे कासवमित्र म्हणतात. शंका विचारायला हा शब्द लागत नाही. आपण तो विचारपूर्वक वापरला असेल, तर मग विचार किती केला होता हेही कळलं. अकरा हंगाम मी ही पुळण तुडवली आहे, त्यामुळे अधिकार वगैरे ऐकून घ्यायची सवय राहिलेली नाही. तरी सांगतो: आमच्या किनाऱ्यावर येणारं ऑलिव्ह रिडले जातीचं समुद्री कासव १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय अंड्याला बोटही लावता येत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ साली सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने काम उभं केलं, तेव्हापासून ही गोष्ट कोकणात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

आणि ओडिशा. हे वाक्य आपण असं फेकलंत की जणू त्यावर उत्तरच नाही.

ओडिशातल्या ऋषिकुल्या आणि गहिरमाथ्याच्या किनाऱ्यांवर लाखो माद्या मोजक्या रात्रींत एकदम येतात. इतकी अंडी की कुत्री, कोल्हे, खेकडे खाऊन खाऊन किती खाणार? उलट नंतर आलेली मादी आधीचीचं घरटं उकरते, एवढी दाटी. तिथे संख्या हेच संरक्षण. तिथे घरटी हलवत बसणं वेडेपणाच. कोकणात रात्री एखादी मादी येते, तीही दरवेळी येईलच असं नाही. ओल्या वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग, वर थोडी विसकटलेली वाळू आणि शंभर-सव्वाशे अंडी. सकाळी त्या मागाशेजारी कुत्र्याची पावलं दिसली की पुढचं सांगावं लागत नाही. पूर्वी कुत्र्याच्याही आधी माणूस पोचायचा. शिवाय ‘ओडिशात कुणीच’ हेही खरं नाही, सामूहिक विणीचे किनारे सोडले तर तिथेही हॅचऱ्या आहेत. आणि २०२१ साली ओडिशात टॅग लावलेली एक मादी जानेवारी २०२५मध्ये गुहागरला अंडी घालून गेली. तिला कुठल्या राज्याचा नियम लावायचा तेवढं कळवा.

‘उकरणं’ म्हणजे काय तेही वाचा. माग दिसला की वाळू हाताने चाचपतात, जिथे भुसभुशीत लागते तिथे हातानेच काढतात. फावडं नाही. घरटं सुरईसारखं असतं: तोंड अरुंद, पोट रुंद, तळ साधारण दीड फुटावर. खोली आणि रुंदी मोजून लिहितात. अंडी एकेक करून, जशी होती तशीच, त्याच घरट्यातली ओली वाळू पसरलेल्या टोपलीत ठेवतात. सगळी घाई इथेच असते. अंडं घातल्यावर काही तासांत गर्भ वरच्या बाजूने कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं की गर्भ मेला. म्हणून दोन-तीन तासांत हलवलेलं उत्तम, सहा तासांच्या पुढे धोका वाढतो. दुपारी कळलेलं घरटं आम्ही शक्यतो हलवतच नाही.

हॅचरीत त्याच मापाचा खड्डा. वाळू कोरडी असेल तर कडा ढासळतात आणि सुरईची होते बादली, म्हणून आधी पाणी शिंपडायचं. दोन घरट्यांत एक मीटर अंतर, कारण वाढणारी अंडी स्वतः उष्णता सोडतात. वाळू साधारण २९ अंशांच्या वर असली की पिल्लांत माद्या जास्त, खाली असली की नर; पस्तिशीच्या आसपास वाळू गेली की सगळंच संपलं. मार्चअखेर वर हिरवी जाळी ताणतात ती याचसाठी. कुंपणाची जाळी फूटभर वाळूत गाडली नाही तर खेकडे खालून येतात. जागा दरवर्षी बदलायची, नाहीतर जुन्या वाळूतली बुरशी नव्या अंड्यांना लागते. पंचेचाळीस दिवस झाले की घरट्यावर टोपली पालथी घालून पहारा सुरू.

आपण म्हणता ते ‘जागेवर ठेवून वर पिंजरा’ही करतो. उधाणाच्या पाण्याबाहेर, वस्तीपासून लांब असलेल्या घरट्याला तेच चांगलं. जाणकारही आधी तेच करा म्हणतात. पण सुरूच्या बनाखालचे किती किनारे असे उरलेत? कुत्रं वरून जमलं नाही तर बाजूने उकरतं. आणि पिंजरा म्हणजे ‘इथे अंडी आहेत’ अशी पाटीच.

टोपलीचं म्हणाल, तर पिल्लं सकाळ-संध्याकाळ सोडतात, कारण दुपारी वाळू भाजते आणि घारी-कावळे टपलेले असतात. पर्यटक त्या वेळी येतात हा पर्यटकांचा प्रश्न. वाळूतून वर आल्यापासून सोडेपर्यंतच्या तासांत पिल्लं दमतात वगैरे मुद्दा मलाही माहीत आहे, त्यावर पुन्हा केव्हातरी. हजारात एक हा आकडा सगळेच सांगतात, त्यात नवीन काय? देणग्यांचा हिशेब देणगीदारांना मिळतो. आपण दिली असेल तर पावती दाखवा, मग बोलू.

प्रतिक्रिया काढलेली नाही. ‘टोळी’ शब्द मागे घेतलात तर पुढच्या दोन प्रश्नांनाही उत्तर देईन. नाहीतर फेब्रुवारीत या, पहाटे साडेचारला, चप्पल हातात घेऊन. टॉर्च मात्र आमचा वापरा.