‘गुंतवणूक तिप्पट झाली’ हे खरं, पण भरभराट कुठे आहे?

‘२०११-१२ मध्ये देशात ३० लाख कोटींची गुंतवणूक झाली, २०२३-२४ मध्ये ९० लाख कोटींची. एवढी भरभराट आधी कधीच नव्हती!’ हा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष चुकीचा आहे.

पहिला मुद्दा तिपटीचा. हे आकडे त्या-त्या वर्षीच्या किमतींमधले आहेत. सिमेंट, सळई, मजुरी, सगळंच या काळात महागलं. शिवाय याच काळात जीडीपी, म्हणजे देशाचं वर्षाचं एकूण उत्पादन, ८७ लाख कोटींवरून ३०० लाख कोटींच्या घरात गेला, म्हणजे तिपटीहून जास्त. त्यामुळे जीडीपीतला स्थिर भांडवल निर्मितीचा, म्हणजे वरच्या ३० आणि ९० लाख कोटींच्या गुंतवणुकीचा, वाटा ३४ टक्क्यांवरून ३०-३१ टक्क्यांवर उतरला. करोनाच्या वर्षी तो आणखी खाली होता, तिथून सावरलाय, हे मान्यच. पण सावरणं वेगळं आणि विक्रम वेगळा.

‘एसआयपीत, म्हणजे म्युच्युअल फंडाच्या मासिक हप्त्यांत, महिन्याला हजारो कोटी येतात, ती गुंतवणूक नाही का?’ घरच्या हिशेबात आहे, या हिशेबात नाही. जुना शेअर विकत घेतला की फक्त मालक बदलतो. इथे मोजतात ते नवं बांधकाम, यंत्रं, रस्ते, सॉफ्टवेअर. जमिनीची खरेदीही धरत नाहीत.

सगळ्यात जोरात सांगितला जातो तो तिसरा मुद्दा: ‘कंपनी कर कमी केला आणि खासगी उद्योगांनी हात सैल सोडला.’ सप्टेंबर २०१९ मध्ये इतर सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी कराचा मूळ दर (अधिभार सोडून) २२ टक्क्यांवर आणला, नव्या उत्पादक कंपन्यांसाठी १५ टक्क्यांवर. त्यानंतर गाडा ओढायला जोर लावला तो सरकारने. केंद्राचा भांडवली खर्च २०१९-२० मध्ये साधारण साडेतीन लाख कोटी होता, २०२३-२४ मध्ये साडेनऊ लाख कोटींच्या आसपास गेला. आणि एकूण गुंतवणुकीत सगळ्यात मोठा हिस्सा घरगुती क्षेत्राचा. त्यात लोकांनी बांधलेली घरं येतात, शेतकऱ्याची विहीर येते, एकट्या मालकाचं वर्कशॉपही येतं.

कर वाचला तरी कारखानदार नवं यंत्र का घेत नाही? माझ्या धाकट्या भावाचं भोसरीत छोटं वर्कशॉप आहे. त्याच्या चार यंत्रांपैकी एकावर दुपारनंतर ताडपत्री असते. ऑर्डर आहे तेवढी तीन यंत्रांवर निघते. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीतही उत्पादनक्षमतेचा वापर पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपासच दिसत आलाय. मागणी नसताना करसवलतीने कोणी शेड वाढवत नाही.

‘मग वाटा ३४ टक्के होता तो जुना काळच चांगला होता’ असंही मी म्हणणार नाही. त्या तेजीतली कितीतरी कर्जं बुडाली. मार्च २०१८ मध्ये बँकांची ढोबळ थकीत कर्जं दिलेल्या एकूण कर्जांच्या ११ टक्क्यांच्या पुढे होती. त्या काळात अर्धवट राहिलेले वीज प्रकल्पही गुंतवणूक म्हणूनच मोजले गेले होते.

भावाने गेल्या वर्षी एक यंत्र घेतलं, तेही बंद पडलेल्या शेजारच्या युनिटमधलं, वापरलेलं. देशाच्या बेरजेत त्याने एक रुपयाचीही भर पडली नाही.