“साइड इफेक्ट शून्य” म्हणे!

थंडी पडली की तो मेसेज येतोच, यंदा आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर तीनदा आलाय. सर्दी, खोकला, अंगदुखीवर आजीचे पाच उपाय, घरगुती म्हणून साइड इफेक्ट शून्य, तान्ह्या बाळालाही चालतात, डॉक्टरची गरज नाही. आजीवर माझा राग नाहीये, काल मीच हळदीचं दूध पिऊन झोपलो. पण हे वाचाच.

कापूर-ओवा-लवंगेची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो? नाही वाढत. नाकात गार लागतं म्हणून मोकळं वाटतं, बस. आणि पोरं असलेल्या घरात ती उशाशी ठेवूच नका, कापराची वडी खडीसाखर समजून तोंडात टाकली तर लहान पोराला झटके येऊ शकतात.

मध. वर्षावरच्या पोराला झोपताना चमचाभर दिला तर खोकल्याला खरंच आराम पडतो, इथे आजी बरोबर. पण तान्ह्याला चाटवणं डेंजर आहे राव, मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, ते वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजतात, विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. मध उकळून दिला तरी भरवसा नाही.

सर्दीत केळी बंद, हे जळगाव जिल्ह्यात बसून फॉरवर्ड करणाऱ्याला काय म्हणावं! सर्दी व्हायरसने होते, नाहीतर केळीच्या बागांत राबणाऱ्या रावेर-यावलवाल्यांची नाकं बारा महिने गळली असती. हळदीच्या दुधाने व्हायरस मरत नाही, पण घसा शेकतो, चालू द्या.

पाचवा उपाय सगळ्यात वाईट, दारं-खिडक्या लावून शेगडीवर ओवा टाका आणि शेक घ्या. बहिणीच्या बाळंतपणात आईने खाटेखाली शेगडी ठेवली, गार हवा नको म्हणून दाराच्या फटीत गोधडी कोंबली. तासाभरात बहिणीचं डोकं ठणकायला लागलं, मळमळ सुरू, आजी म्हणे नजर लागली, मीठ-मिरच्या आणा. मिरच्या आणायला दार उघडं राहिलं आणि हवा लागली तशी ती तरतरीत झाली, नजर उतरली! निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, रक्तातली ऑक्सिजनची जागा तोच पकडतो, माणूस झोपेतच जातो. म्हणजे पहिल्या उपायात ऑक्सिजन वाढवायचा आणि पाचव्यात संपवायचा. शेकायचंच तर तव्यावर कापड गरम करून शेका ना.

आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, टीबीची तपासणी फुकट आहे, काढा थर्मासमध्ये सोबत न्या हवं तर.