प्रश्न भीतीचा नाही, जोड कोण लावतो याचा आहे

नमस्कार दादा,

यूएफसी ही मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या लढती भरवणारी कंपनी. तिथे दोन चॅम्पियनांच्या लढती का होत नाहीत, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: "करार, वजन, पैसा ही सगळी सांगायची कारणं. खरं कारण एकच, पट्टा जायची भीती. मारुती मानेंच्या जिल्ह्यात राहून तुम्ही पळपुट्यांची वकिली करताय." शेवटचं वाक्य लागलं, म्हणून उत्तर जरा लांबतंय.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. टॉम अ‍ॅस्पिनॉल नोव्हेंबर 2023 मध्ये हेवीवेटचा हंगामी चॅम्पियन झाला. मूळ पट्टा जॉन जोन्सकडे होता आणि तो दुखापतीमुळे बाहेर होता. वर्षभराने जोन्स परतला, तो लढला 42 वर्षांच्या स्टिपे मिओचिचशी. मधल्या काळात अ‍ॅस्पिनॉलने हंगामी पट्टा एकदा राखून दाखवला, तरी त्याची पाळी आलीच नाही. जून 2025 मध्ये जोन्सने निवृत्ती घेतली. याबद्दल मी "वेळापत्रक जुळलं नाही" असं लिहिलं होतं. ते चुकलं. जोन्सला ही लढत नको होती, हे उघड दिसत होतं.

पण एका माणसाच्या "नको"मुळे अख्खा वजनगट दीड वर्ष अडून राहतो कसा? मला या प्रश्नाकडे यायचं होतं.

तुम्ही कुंडलचं कुस्ती मैदान लहानपणापासून बघताय. तिथे जोड लावते कमिटी. पैलवान तिचे नसतात. ते आपापल्या तालमीचे, आपापल्या वस्तादांचे. कोण चितपट होतो यात कमिटीचं काही जात नाही, उलट जोड तगडी लागली तरच मैदानाचं नाव होतं. महाराष्ट्र केसरीतही तसंच. मातीचा विजेता आणि गादीचा विजेता गदेसाठी भिडणार, हे नियमानेच ठरलेलं. 2022 मध्ये साताऱ्यात पृथ्वीराज पाटील आणि विशाल बनकर अंतिम फेरीत उतरले, तेव्हा "तुम्हाला लढायचंय का" असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

यूएफसीत जोड लावणारा, पट्टा देणारा आणि पैलवानाला करारात बांधणारा मालक एकच. दोन्ही चॅम्पियन त्याच्याच दावणीचे. दावणीचे दोन बैल एकमेकांवर घातले तर एक जायबंदी होणार, हे त्याला कळतं. घातले तरी पुढे पंचाईत असतेच. कॉनर मॅकग्रेगरने नोव्हेंबर 2016 मध्ये एडी अल्वारेझला हरवून दुसरा पट्टा घेतला आणि दोन्हींपैकी एकही कधी राखायला उतरला नाही. खालचे पैलवान ताटकळत राहिले. 2025 मध्ये इलिया टोपुरियाने वरच्या गटात जाताना आधीचा पट्टा सोडला, इस्लाम मखाचेवनेही तेच केलं. म्हणजे चॅम्पियन वर जातो, पण आधीचा पट्टा सोडून, त्यामुळे चॅम्पियनविरुद्ध चॅम्पियन ही लढत क्वचितच होते.

दावणीबाहेरच्याचं तर आणखी अवघड. 2009 मध्ये यूएफसीबाहेरचा रशियन हेवीवेट फेडोर एमेलियानेंको याच्या माणसांनी मागणी केली की मैदान यूएफसीने आणि त्यांनी मिळून भरवायचं. यूएफसीने नकार दिला, फेडोर स्ट्राइकफोर्स या दुसऱ्या कंपनीकडे गेला आणि यूएफसीचा तेव्हाचा हेवीवेट चॅम्पियन ब्रॉक लेस्नरशी त्याची गाठ राहिली ती राहिलीच. फ्रान्सिस एन्गानू जानेवारी 2023 मध्ये करार न जुळल्याने यूएफसीचा हेवीवेट चॅम्पियन असतानाच बाहेर पडला आणि जोन्सशी त्याची लढत तिथेच संपली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो बॉक्सिंगचा चॅम्पियन टायसन फ्युरी याच्यासमोर रिंगणात उतरला आणि तिसऱ्या फेरीत त्याने फ्युरीला खाली पाडलं. या माणसाला पळपुटा म्हणवत नाही, दादा.

वजनाला तुम्ही "सबब" म्हणालात. तुम्ही स्वतः तालमीत होतात, म्हणून आश्चर्य वाटलं. जॉर्ज सेंट पिएर 77 किलोचा, अँडरसन सिल्वा 84 चा, आणि सिल्वा 93 च्या गटात जाऊनही जिंकून आलेला. दोघेही आपापल्या गटाचे चॅम्पियन, त्यांची जोड लागावी असं सगळ्यांना वाटत होतं. पिएरचं म्हणणं होतं की अंग वाढवायला वेळ हवा, आणि एकदा वाढवलं की परत 77 वर येणं कठीण. डिसेंबर 2011 मध्ये त्याचा गुडघा गेला, जवळजवळ वर्ष त्यात गेलं. जुलै 2013 मध्ये क्रिस वाइडमनने सिल्वाला पाडलं, डिसेंबरमध्ये पिएरने पट्टा सोडला. संपला विषय. गोळेश्वरच्या खाशाबांनी 1952 मध्ये हेलसिंकीत 57 किलोत कांस्य आणलं. ते 62 च्या गटात उतरले नाहीत म्हणून त्यांना कुणी भित्रा म्हणेल का?

आणि एकाच तालमीतल्या दोघांची जोड आपणही लावत नाही. केन वेलास्केझ हेवीवेट चॅम्पियन होता, म्हणून त्याच्याच तालमीतला डॅनियल कॉर्मिए खालच्या गटात उतरला. हे आपल्या माणसांना तरी समजावून सांगावं लागू नये.

"घाबरला" या शब्दाबद्दल मी इतका हळवा का, तेही सांगतो. मी सातवीत असताना तासगाव भागातल्या एका गावच्या जत्रेत मोठी जोड हँडबिलावर छापली होती. हलगी वाजत राहिली, एक पैलवान आलाच नाही. सगळं मैदान "घाबरला, घाबरला" ओरडलं. मीही ओरडलो. पुढच्या वर्षी त्याच्या वस्तादांकडून कळलं की खांदा निखळला होता आणि निरोप आठ दिवस आधी पोचला होता. हँडबिलं छापून झाली होती, गर्दी हवी होती, म्हणून कुणी सांगितलं नाही. पैलवानाचं नाव खराब झालं, कमिटीला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. त्या पैलवानाला मी नंतर आठवडा बाजारात पाहायचो आणि नजर वळवायचो.

जोन्सबद्दलचं वाक्य मूळ लेखात आज बदललं आहे, आणि ते तुमच्या प्रतिक्रियेमुळे बदललं असं खाली लिहिलंय. पिएर आणि एन्गानूबद्दलचं तसंच ठेवलं आहे.