लेडीज मॉडेल

"बाबा, लेडीज मॉडेल दाखवू?"

मी ५८ वर्षांचा आहे. 'बाबा' एक वेळ गिळलं असतं, सोमवारपासून गिळतोच आहे. पण लेडीज?

झालं एवढंच, की अंगठ्याच्या मुळाशी संधिवात बसलाय. भरिताची वांगी ठेचणं बंद झालं, ते घरच्यांनी आनंदाने मान्य केलं. कापसाच्या जिनिंगची रोकड ने-आण करायचो त्या काळातलं परवान्याचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर मात्र कपाटातून टोमणे मारतं. चाप ओढला की त्याच ओढीत घोडा (काडतुसावर आदळतो तो) मागे जातो आणि काडतुसांची चक्रीही फिरते, म्हणून बोटाला चार-पाच किलोचा जोर लागतो. घोडा आधी अंगठ्याने मागे ओढला तर चाप हलका होतो. पण दुखतो तो अंगठाच. म्हणून जळगावला बंदुकांच्या दुकानात गेलो, मोठी मूठ बसवून घ्यायला.

दुकानातल्या पोराने काढलं 'निर्भीक'. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं, २०१४ साली बायकांसाठी म्हणून आलेलं, वजन अर्धा किलो. अरे, पण बोअर तेच बत्तीस, म्हणजे गोळी तेवढीच! तेवढाच धक्का हलक्या हत्याराने हाताला जास्त जाणवतो, आणि मूठ बारीक असली की तो सगळा एकाच जागी बसतो. दुखऱ्या हाताला वजन हवं, जाड मूठ हवी. बायकांना तरी हे हलकं कोणाला विचारून दिलं, देव जाणे. पोराला म्हटलं, स्प्रिंग नरम होईल का? तर म्हणे घोडा नीट आदळणार नाही, काडतूस फुसकं जाईल. हे मात्र त्याचं खरं होतं, त्यामुळे जास्तच राग आला.

तेवढ्यात बाकावरचा टोपीवाला सरकत जवळ आला. तो कशासाठी आला होता ते शेवटपर्यंत कळलं नाही.

"दादा, हात दखाड."

का कोण जाणे, दाखवला. त्याने अंगठ्याचं मूळ लिंबासारखं पिळलं. "आठे दुखस का?"

डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते होकार म्हणून घेतलं.

"मन्हा साला वरणगावले व्हता. तीस वरीस. बठ्ठं माहीत शे माले."

वरणगावला काडतुसांचा कारखाना आहे, आणि भुसावळच्या गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाचा एक साला तिथे असतो. त्यामुळे आमच्याकडे हत्यारांचं ज्ञान हुंड्यात येतं. आणि निवडणूक आली की हेच ज्ञानी लोक विचारतात, "जमा केलं का हत्यार?" जसं काही मतपेटीवर गोळी झाडायला निघालोय. पोलीस ठाण्यात जायचं, पावती घ्यायची, निकालानंतर पुन्हा सोडवायला जायचं, दर वेळी त्याच अंगठ्याने सह्या. असो.

"सायकलनी टूब गुंडाय," तो म्हणाला. "मन्ही कुऱ्हाडले बी तीच शे." आणि उठून मोटारसायकलच्या डिकीतून खरोखर ट्यूब घेऊन आला! पोराची कात्री मागितली, वीतभर तुकडा कापला, माझ्या रिकाम्या रिव्हॉल्व्हरच्या मुठीवर ताणून चढवला. पोरगं मोबाइलवर शूटिंग करत होतं.

"आते धर बरं. कसं वाटस?"

मूठ तळव्यात भरून बसली. हे कबूल करणं जिवावर आलं.

"तुमचा साला वरणगावला काय करायचा?"

"कॅन्टीनमा व्हता."

पोराला विचारलं, रबरी मूठ कधी येईल? म्हणाला, दिवाळीनंतर बघू. वहीत माझं नाव लिहिलं आणि पुढे कंसात 'हाताचे बाबा'.

घरी येऊन नीट पाहिलं. ट्यूब पंक्चरची होती. ठिगळ बरोबर अंगठ्याच्या मुळाखाली येतं.