उभे रान, उक्ता सौदा

गोव्यातल्या जमीनमालक भाटकारहो, आजोबांनी लावलेले साग कवेत मावेनासे झाले असतील तर ते विकायची वेळ आली असे समजा. समजणार कसे, हा प्रश्न तुमचा नाही. लाकडाच्या व्यापाऱ्याला ते तुमच्या आधी कळते. मुलीचे लग्न ठरल्याची बातमी देवळापर्यंत पोचली की दुसऱ्या सकाळी तो तुमच्या बलकांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, बसलेला असतो. त्याला चहा द्या आणि पैशांची नड किती आहे, तेवढे मात्र आधी सांगून टाका. त्या आकड्यावरून झाडांचा भाव ठरवणे त्याला सोपे जाते.

झाडे मोजण्याच्या भानगडीत पडू नका. टेप, खडू आणि घरातला एखादा रिकामा मुलगा घेऊन डोंगरीत फिरले, छातीच्या उंचीवरचा घेर वहीत लिहीत गेले आणि बुंध्यावर क्रमांक टाकले, तर आपल्या मालकीचे काय आहे ते कळते. कळले की मन अस्वस्थ होते. त्यापेक्षा उंबऱ्यात उभे राहून डोंगराकडे हात करा आणि ‘ते सगळे आमचेच’ म्हणा. त्यात एक खानदानी रुबाब आहे, आणि व्यापाऱ्याला तो फार आवडतो.

त्याच्याबरोबर रानात जायची वेळ आलीच तर मागे राहा. तो कोयत्याची पाठ बुंध्यावर आपटेल, कान देईल आणि हळहळून म्हणेल, “भाटकारबाब, हें पोकळ आसा.” फणस न कापता आतले गरे सांगणाऱ्यांपैकी तो आहे, त्याच्याशी वाद घालू नये. विशेष म्हणजे पोकळ झाडे नेमकी सरळ आणि जाड असतात, आणि पोकळ असूनही ती नेण्याची त्याची तयारी असते. खैर दिसला तर तो ‘जळण’ म्हणेल. खैराच्या गाभ्यापासून कात होतो, हे तुम्ही विड्याचे पान चघळत असलात तरी त्या क्षणी विसरा.

एवढे करून कोणी मोजणीचा हट्ट धरलाच, तर ती व्यापाऱ्याच्या दोरीने होऊ द्या. दोरी ओंडक्याभोवती गुंडाळायची, तिचे चार पदर करायचे, एका पदराचा वर्ग करून लांबीने गुणायचे. रीत जुनी आहे, लाकडाच्या धंद्यात सर्वमान्य आहे, आणि तिच्यात गोल लाकडाचे साडेएकवीस टक्के नाहीसे होतात. १२० सेंटिमीटर घेराचा ३ मीटरचा ओंडका घ्या. दोरीच्या हिशेबाने तो ०.२७ घनमीटर भरतो, शाळेतल्या वर्तुळाच्या सूत्राने ०.३४. उरलेले कुठे गेले म्हणून विचाराल तर व्यापारी सांगेल की गोल लाकूड चौकोनी करताना फळकुटे आणि भुसा जातोच. तेही खोटे नाही. फक्त त्याने सांगितलेला दर दोरीच्या घनफुटाचा की खऱ्या घनफुटाचा, हे विचारणे असभ्य समजले जाते. घेर ओंडक्याच्या मधोमध घ्यायचा असतो, तो बारीक टोकाला घेतला तरी ब्र काढू नका. सालीची वजावट वेगळी होईल. या सगळ्या गणिताचा कंटाळा येणार हे ओळखूनच मोठ्या मनाने तो म्हणतो, “उक्ते किती ते सांगा.” सांगून मोकळे व्हा.

घेर दुप्पट झाला की घनफळ चौपट होते, आणि जाड सागात गाभ्याचे लाकूड जास्त म्हणून दरही चढा. यावरून कोणी थांबायचा सल्ला देईल. लग्नाचा हॉल थांबत नाही.

कायद्याचे म्हणाल तर गोव्याच्या १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे खासगी जमिनीतले झाडही वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून तोडता येत नाही. तोडल्यावर बदली झाडे लावायची असतात. या कायद्याची मजा अशी की २०१६ साली दुरुस्ती करून माडाला झाडांतून वगळले, आणि २०१७ साली त्याच माडाला राज्यवृक्ष केले. तेवढ्या मधल्या काळात माडाचे काही बिघडले नाही, नारळ पाडणारे मात्र गोंधळले. अर्जाला एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या मालकी-कुळांच्या नोंदीचा, उतारा लागतो. उताऱ्यावर अजून पणजोबा नांदताहेत, कुळाच्या रकान्यात भलतेच नाव आहे, आणि वारसांपैकी निम्मे मुंबईत आणि एक लिस्बनला. हे सगळे ऐकून व्यापारी म्हणतो, “कागदांचे मी बघतो.” इतका मायेचा शब्द सख्ख्या भावाकडूनही मिळत नाही. कोऱ्या अर्जावर सही करून द्या. परवानगी किती झाडांची आली आणि किती पडली, ओंडक्यांवर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का बसला का, केरीच्या किंवा मोलेच्या तपासणी नाक्यावर कोणता वाहतूक परवाना दाखवला, ही त्याची खासगी बाब आहे. पुढे वनखात्याने विचारलेच तर ट्रक त्याचा असतो, सही तुमची.

एक खबरदारी मात्र घ्या. रान फार चांगले राखू नका. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मालक कोणी का असेना, जंगलाला जंगलच म्हणायचे, आणि मंजूर कार्य आयोजनेशिवाय, म्हणजे वनव्यवस्थापनाच्या आराखड्याशिवाय, तिथली तोड बंद. मग गोव्यात खासगी जंगले हुडकायला सावंत समिती आली, तिच्यामागून करापूरकर समिती आणि नंतर आणखीही. कसोटी अशी की सलग ५ हेक्टर क्षेत्र हवे, त्यात ७५ टक्के जंगली जातीची झाडे आणि ०.४ इतकी छत्राची घनता, म्हणजे जमिनीचा चाळीस टक्के भाग झाडांच्या शेंड्यांनी झाकलेला. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. म्हणजे ज्या आजोबांनी मत्ती, किंदळ आणि नाणा या रानझाडांना कोयता लावू दिला नाही, त्यांच्या नातवाला परवानग्यांची वारी. ज्याने मार्चमध्ये गवताला काडी लावून डोंगर उघडा केला, तो शेजारी निवांत काजू वेचतो. जंगल राखायला हा कायदा हवाच, हे मी मनापासून म्हणतो. पण राखणाऱ्याला त्यातून काय मिळते, असे विचारले की सगळे गणपतीवर टांगलेल्या रानफळांच्या माटोळीकडे बघायला लागतात.

तोड सुरू झाली की तिकडे फिरकू नका. रान जपणारा माणूस वाकडी, दबलेली, किडकी झाडे काढून विरळणी करतो आणि सरळ, जोमदार झाडे वाढायला ठेवतो. व्यापारी नेमके उलटे करतो, आणि त्याबद्दल पैसेही देतो. बी धरण्याजोगे एकही झाड मागे राहणार नाही याची काळजी तो स्वतः घेईल. झाड कुठल्या अंगाला पाडायचे हे बाहेरगावचे तोडकरी ठरवतील, खाली तुमचे पोफळींचे कुळागर असले तर त्यांना ते संध्याकाळी कळेल. ओंडके ओढायला जेसीबी उतारावरून सरळ वाट काढेल. शक्यतो मे महिन्याच्या अखेरीस काढू द्या, म्हणजे पहिल्या पावसाचे पाणी त्याच वाटेने माती घेऊन पोफळींच्या पाटात येईल. ट्रक अडकून चार ओंडके रानातच राहिले तर त्यांचे पैसे कापले जातील. भिजून भुंगा लागलेल्या लाकडाला भाव कुठला?

राहता राहिले वाटे. पैसे हॉलवाल्याकडे आणि सोनाराकडे पोचले की एखादा चुलतभाऊ निघतोच, बहुधा पुण्याचा, आणि फोनवर हिशेब मागतो. व्यापाऱ्याने सिगारेटच्या पाकिटावर लिहिलेल्या आकड्याचा फोटो त्याला पाठवा. एकूण झाडे किती गेली, असे तो विचारेल. येऊन थोटे मोज म्हणावे. पावसात सागाच्या थोट्यांना धुमारे फुटतात, वर रान माजते आणि महिना-दोन महिन्यांत काही दिसेनासे होते, म्हणून त्याला चवथीला बोलवा.