क्ष बरोबर किती?

सासूबाईंची सातची मालिका ऐन रंगात आली होती. मालिकेतल्या धाकट्या जावेनं कपाटातून ते पाकीट काढलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तशीच थिजली. तोंड उघडं, डोळे वटारलेले.

"अगं, काय केलंस?" आई माझ्यावरच घसरल्या.

मी काय करणार? मी चार हातांवर जेवणाच्या टेबलाशी बसून आठवीच्या पोरांसाठी 'क्ष = ५' लिहीत होते. टॅबलेटवर क्ष उमटला होता, बरोबरचं चिन्ह उमटलं होतं. पाच मात्र कुठे दिसेना. तो टीव्हीवर जाऊन जावेच्या कपाळावर टिचकी मारून आला होता आणि मालिका थांबली होती.

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरातला टीव्ही म्हणजे नुसता डबा, त्याला इंटरनेट वगैरे कळत नाही. म्हणून टॅबलेटला केबल लावून आईंची मालिका टीव्हीवर, आणि टॅबलेटच्या पडद्यावर माझी शिकवणीची उदाहरणं, अशी वाटणी. टॅबलेटही जुनाच. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ११ त्यात बसेना, तेव्हा पुण्याचा भाचा दिवाळीला आला असताना त्यानं विंडोज काढून त्याच्या जागी लिनक्स घालून दिलं. "फुकट आहे मावशी, आणि सगळं तुझ्या हातात!" यातलं दुसरं वाक्य ही धमकी आहे हे कळायला मला आठवडा लागला.

आधी तर पेन चालेचना. तीन दिवस मी पेन चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, शोधत बसले, आणि निघालं काय, तर पेनातला सेल संपलेला. हा सेल ना पेन्सिल सेल, ना रिमोटचा बारीक सेल. त्याहूनही सडपातळ, चार ए वाला. जेल रोडवरच्या दुकानदारानं तो बोटात धरून फिरवला आणि म्हणाला, "दीदी, तीन ए तक तो सुना है, ये चौथा किसने लगा दिया?" शेजारच्यानं सांगितलं, ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी फोडा, आत असेच सहा सेल असतात. असतातही, पण काहींच्यातच. आमच्या ह्यांनी पोह्यांची बशी बाजूला सारून सांडशीनं एक फोडली, तर आत निघाल्या एकावर एक रचलेल्या चपट्या चकत्या, आंबावडीसारख्या. टेबलावर काळी भुकटी सांडली ती वेगळीच. बशीतला पोह्यांवरचा जीरावन मसाला कुठला आणि बॅटरीतली भुकटी कुठली, ओळखू येईना. पोहे टाकून दिले. सेल शेवटी ऑनलाइन मागवला.

आणि पेन चालू झाल्याच्या पहिल्याच संध्याकाळी हा पाच पळाला.

बावीस वर्षं गणित शिकवतेय मी. हात टेकण्याआधी निदान आकृती काढून बघावी म्हटलं. डाव्या कोपऱ्यात वर्तुळ काढलं, तर आडवं अंडं आलं. पट्टी लावली. उंची बरोबर, रुंदी दुप्पट. पेन डाव्या कडेशी असलं की बाण त्याच्या टोकाखाली; जरा उजवीकडे सरकलं की बाण पुढे पळतो; पेन मध्यावर आलं की बाण टॅबलेटच्या उजव्या कडेला, आणि त्यापुढे थेट मालिकेत. '११' लिहिलं की पहिल्या एकानं मालिका थांबायची, दुसऱ्यानं सुरू व्हायची. आई म्हणाल्या, "वीज खेळ करतेय." मी गप्प बसले.

भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "अगं, लिनक्समध्ये पडदे सांभाळतं ना, ते एक्स-इलेव्हन आहे, १९८७ चं. त्याच्या लेखी सगळे पडदे मिळून एकच लांबलचक फळा. तुझं पेन टीव्हीसकट सगळ्या फळ्यावर पसरलंय." मग त्यानं काळ्या खिडकीत एक आज्ञा लिहायला लावली. यादी आली. तीत बोट होतं, कीबोर्ड होता, पॉवरचं बटणसुद्धा होतं. पेन नाही.

"पेन पडद्याजवळ ने."

नेलं. उगवलं यादीत! पान वाढल्याशिवाय ताटावर न येणारे पाहुणे आमच्याकडेही आहेत, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. पण त्याचा नंबर १४ पाठ करून ठेवला, तर दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केल्यावर तो १६ झाला, त्याचं मात्र वाटलं.

"आता त्या नंबराची मॅट्रिक्स बघ, पेन फळ्यावर कुठे उमटायचं ते तीच ठरवते," भाचा म्हणाला. नऊ आकडे आले: १ ० ०, ० १ ०, ० ० १. मी खुर्चीत ताठ बसले. दर वर्षी बारावीतलं एक तरी कार्टं विचारतं, "मॅम, ये काम कहाँ आता है?" आणि मी दर वर्षी, "पेपरात," म्हणते.

"दोन्ही पडदे १९२० ठिपके रुंद, म्हणजे पेनाची रुंदी निम्मी करायची, पहिल्या एकाच्या जागी ०.५," मी म्हणाले. तिकडे क्षणभर शांतता. "मावशी, तू हे गूगल केलंस?" मी उत्तर दिलं नाही. काही अपमान आनंदानं गिळावेत.

०.५ टाकला. वर्तुळ काढलं, वर्तुळच आलं. नाणं ठेवून बघितलं मी त्यावर. पाच क्षच्या शेजारी येऊन मुकाट बसला.

रात्री केबल काढून टॅबलेट आत नेला आणि वर्तुळ काढलं, तर उभं अंडं. टीव्ही गेला, फळा आखूड झाला, आणि पेन आता फक्त डाव्या अर्ध्यात फिरतं. केबल लावली की ०.५, काढली की १, हे रोज हातानं करायचं. आपोआप करणारी स्क्रिप्ट भाचा पुढच्या दिवाळीत आल्यावर लिहून देणार आहे. तोवर मला उजवी बाजू हवी तर टीव्ही चालू हवा, म्हणून आई सातऐवजी साडेपाचलाच बसतात, दुपारचं पुनःप्रक्षेपणही बघतात.

तरी काल कुरकुरत होत्याच. "आता मध्येच उठायचं झालं तर मालिका थांबवायची कशी? तुझा तो पाच बरा होता."